न दिसणाऱ्या कामाची जाहिरात

बाजाराने त्याचं नाव भिंगरी ठेवलं होतं, आणि ते चुकीचं आहे असं त्याची बायकोसुद्धा म्हणत नसे. पायाला भिंगरी लागलेली माणसं आपण पुष्कळ पाहतो. ह्या गृहस्थाच्या जिभेला, बोटांना आणि डोक्यालाही ती लागलेली होती. खुर्चीवर बसला की गुडघा हलायला लागे. गुडघा एका हाताने दाबून धरला की दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर वाजायला लागत. बायको म्हणे, "अहो, मेल्यावर तरी सरळ पडाल ना, की तिथेही कूस बदलत राहाल?" तो म्हणे, "बघू. आत्तापासून शब्द देत नाही."

धंदे त्याने बरेच केले. त्याने धंदे सोडले की धंद्यांनी त्याला, यावर दोन मतं आहेत. मग एकदा न्हाव्याकडे दाढी करून घेताना बाहेर भांडण सुरू झालं आणि हा अर्ध्या दाढीनिशी उठून बघायला धावला. गळ्याभोवती कापड, एक गाल फेसाने भरलेला, दुसरा गुळगुळीत. भांडण बघायला जमलेले लोक भांडण सोडून ह्याच्याकडेच बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "कोणी केली रे ही एका बाजूची? मस्तच झालीय की!" दोघे-तिघे ह्याच्या मागोमाग दुकानात शिरले. न्हावी शिव्या द्यायच्या तयारीत उभा होता. गिऱ्हाइकं बघून त्याने शिव्या गिळल्या आणि म्हणाला, "भिंगरी, उद्याही ये. अर्धीच करू."

तिथून त्याचं बस्तान बसलं. ज्यांची वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची ऐपत नाही आणि ज्यांच्याकडे पाटी लावायला धड भिंतही नाही, अशा दुकानदारांची तो जाहिरात करी. कागद नाही, रंग नाही, कर्णा नाही. स्वतःचं अंग आणि स्वतःचं तोंड, एवढंच भांडवल. घरी साबण करणाऱ्या एका बाईचा माल कोणी दुकानात ठेवून घेईना. भिंगरी बाजारातल्या एकेका दुकानात शिरून विचारी, "तो हिरवा साबण आला का? नाही? काय हो, एवढं मोठं दुकान आणि हिरवा साबण नाही!" आणि तोंड पाडून बाहेर पडे. थोड्याच दिवसांत दुकानदार त्या बाईचं दार शोधत गेले. कुलूपवाल्यासाठी त्याने स्वतःचा पाय साखळीने दिव्याच्या खांबाला बांधून कुलूप लावून घेतलं आणि ज्याला उघडता येईल त्याने उघडावं असं आव्हान दिलं. कुलूप इतकं पक्कं निघालं की शेवटी किल्लीनेही उघडेना. भिंगरीसारख्या माणसाला खांबाला बांधून ठेवणं म्हणजे काय यातना, ते त्याचं तोच जाणे. पण बघ्यांमध्ये गाजलं की कुलूप असावं तर असं, मालकालाही दाद देत नाही.

गादीवाल्याचं मात्र जमेना. काचेमागे नव्या गादीवर शांत झोपून दाखवायचं होतं. हा इतका तळमळला, की लोक म्हणायला लागले, गादीत ढेकूण दिसतात. शेवटी त्याने आपल्या सासऱ्यांना आणून तिथे झोपवलं. सासऱ्यांना झोप कधी कमी पडली नव्हती, जागं राहणंच त्यांना जड जाई. ते असे घोरले की काचेला कान लावायला गर्दी झाली.

असा हा माणूस. सगळ्या बाजाराची दुकानं चालवणारा. आणि घरी? दिव्याखाली अंधार.

त्याच्या बायकोचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. आत जायचं तर मान वाकवावी लागे. एक खिडकी, खिडकीला चिकटून टेबल, टेबलावर सुया आणि कापड ताणून धरायची लाकडी कडी, भिंतीवर कपडे टांगायची दांडी. वरून कोणी जिना उतरलं की छताची माती टेबलावर पडे आणि ती फुंकर मारून पुन्हा कामाला लागे. ती रफू करी. ठिगळ लावणं वेगळं आणि रफू वेगळं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही अशा जागेवरून, ती दोरे काढी. मग भोकाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकेक दोरा सुईने ओवत नेई, एक वर, एक खाली, मूळ विणीला धरून. काम पुरं झालं की भोक कुठे होतं ते कपड्याच्या मालकालाही सांगता येत नसे.

आणि इथेच तर सगळी गोची होती. न्हाव्याचं काम गालावर दिसतं, कुलूपवाल्याचं दारावर. हिचं काम जितकं चांगलं, तितकं ते नाहीसं होणार. बरं, गिऱ्हाइकाने तोंडाने तरी चार लोकांत सांगावं, तर तेही नाही. आपला कोट फाटला होता हे कोण सांगेल? लोक पिशवीत कपडा गुंडाळून आणत, इकडेतिकडे बघून आत शिरत आणि तसेच बाहेर पडत. पुढे रस्त्यात दिसले तर मान वळवत. तीही वळवी. दुकानाबाहेर गिऱ्हाइकाला ओळख द्यायची नाही, हा तिचा कायदा होता. "मी हसले की शेजारचा विचारणार, यांना कसं ओळखता? मग बिचाऱ्याने काय सांगायचं?"

अलीकडे काम कमी झालं होतं. फाटलं की फेकावं आणि नवं घ्यावं असे दिवस आले होते. इमारतीचा मालक जिन्याखाली डोकावून जाई आणि म्हणे, "ताई, इथे माझ्या भाडेकरूंच्या सायकली छान मावतील." ती खालमानेने सुई चालवी. भिंगरीचा जीव मात्र वरखाली होई. हे दुकान गेलं तर ही काय करील? हिचे हात रिकामे राहिलेले त्याने कधी बघितले नव्हते, आणि बघायची त्याची तयारीही नव्हती.

"अगं, एक सदरा घेऊ," तो म्हणाला. "आपणच त्याला भोक पाडू, तू बुजव. मी तो घालून चौकात उभा राहतो. जो शोधेल त्याला बक्षीस."

"आणि मग?"

"मग काय! सगळ्या बाजाराला कळेल की तुझ्या हातात काय आहे!"

"मग सगळा बाजार एकमेकांच्या कपड्यांकडे बघत बसेल. याचा फाटलेला होता का, त्याचा होता का. माझ्याकडे येणारा माणूस आपली लाज घेऊन येतो हो. ती झाकायची असते. चौकात काय नेता?"

"आणि दुकान बंद पडलं तर?"

"पडेल. पण तुम्ही मध्ये पडायचं नाही."

तो मध्ये पडला नाही. म्हणजे बरेच दिवस नाही.

एका सकाळी वाचनालयाचे ग्रंथपाल पिशवी घेऊन आले. हे गृहस्थ त्याच एका कोटात सगळ्या गावाला माहीत होते. तपकिरी लोकरी कोट, सगळी बटणं लावलेली. उन्हाळा असो, हिवाळा असो, कोट काही उतरत नसे. आता ते निवृत्त होणार होते, निरोपाचा समारंभ ठरला होता, आणि नेमका उंदराने कपाटात शिरून कोटाचा छातीजवळचा तुकडा कुरतडला होता. त्यांनी कोट टेबलावर पसरला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू त्यांनीच काही गुन्हा केलाय.

"होईल का?" त्यांनी विचारलं.

"होईल," ती म्हणाली. "पण दोरा जुना आहे, तुटतो. धीर धरा."

भिंगरी तेव्हा दारात उभा होता. त्यानंतरचे दिवस त्याने तिला खिडकीला चिकटून बसलेलं बघितलं. दोरा ओवायचा, निम्म्यावर तुटायचा, पुन्हा काढायचा. तिचे डोळे लाल झाले, मान आखडली. उजेड गेला की ती कोट झाकून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी उजेड आला की पुन्हा बसे. कोट तयार झाला तेव्हा त्याने तो हातात घेतला, खिडकीशी नेला, उलटासुलटा केला. उंदराने जिथे खाल्लं होतं तिथेच तो बोट ठेवत होता, आणि तरी तिथे काही नव्हतं. "अगं," तो म्हणाला, "हे कोणालाच कळणार नाही!" तिने सुया डबीत टाकल्या आणि म्हणाली, "मग, कशासाठी केलंय?"

समारंभ वाचनालयाच्याच दालनात झाला. असल्या समारंभांना काळं कुत्रं फिरकत नाही, म्हणून वाचनालयाच्या अध्यक्षांनी माणसं जमवायला भिंगरीलाच सांगितलं होतं. त्याने दालन भरून दाखवलं. गादीवाला, कुलूपवाला, चष्मेवाला, बायाबापड्या, झाडून सगळे आले. ग्रंथपाल व्यासपीठावर कोट घालून बसले होते, हात मांडीवर, नजर खाली. अध्यक्ष बोलायला उभे राहिले.

"यांनी पुस्तकाचं एक पान कधी फाटू दिलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "आणि हा कोट बघा! नोकरीच्या पहिल्या दिवशी हाच होता. आज बघा, एक धागा हललेला नाही. वस्तू जपावी कशी, हे यांच्याकडून शिकावं!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत भिंगरीचा गुडघा जोरजोरात हलायला लागला. एक धागा हललेला नाही? त्या कोटातला प्रत्येक धागा कसा हलला, तुटला, पुन्हा ओवला गेला, ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. तिची आखडलेली मान, लाल डोळे, आणि टाळ्या कुणाला, तर जपून वापरण्याला! त्याने गुडघा दाबला. जीभ दाबायची राहून गेली.

"हललाय, हललाय!" तो उभा राहून ओरडला. "चांगला मुठीएवढा तुकडा उंदराने खाल्ला होता! माझ्या बायकोने रफू केलाय! शोधा बघू कुठे आहे! सापडायचा नाही, पैज लावतो!"

त्याला वाटलं होतं, आधी लोकांचा आ वासेल आणि मग टाळ्यांचा कडकडाट होईल. आ वासले, एवढं खरं. मग अध्यक्ष खाली वाकले आणि ग्रंथपालांच्या छातीवर नाक टेकवून शोधायला लागले. पहिल्या रांगेतली दोन माणसं व्यासपीठावर चढली. कोणी बाही धरली, कोणी खांदा धरून त्यांना उजेडाकडे वळवलं, एखादी बाहुली फिरवावी तसं. पोरं हसायला लागली, मग मोठेही. "काय हो, जपून ठेवला होता म्हणे!" कुणीतरी म्हणालं.

ग्रंथपालांनी बटणं काढली. कोट उतरवला, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. आतला सदरा कोणी कधी बघत नसे म्हणूनच तसा होता: कॉलर उलटवून शिवलेली, पाठीला ठिगळ. त्या सदऱ्यावर ते सगळ्या दालनामधून चालत बाहेर गेले. कोणाकडे बघितलं नाही. पाठीवरचं ठिगळ दारातून बाहेर पडेपर्यंत लोक हसत होते, आणि मग एकदम ओशाळले.

भिंगरी कोट घेऊन जिन्याखाली आला. सांगावं तर लागणारच होतं. सांगताना त्याने आपल्या बाजूने थोडी सारवासारव केली, मग तीही सोडून दिली. तिची सुई थांबली.

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"कोट काढून गेले?"

"हो."

तिने त्याच्या हातातून कोट घेतला, दांडीला टांगला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडीकुंडी आपटली असती तरी चाललं असतं. ती नुसती बसून राहिली, आणि तिच्या हातात काम नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली, पण कपडे परत न्यायला. राखाडी शाल दिलेली एक बाई दारातूनच म्हणाली, "राहू द्या हो काम. आहे तशीच द्या." "अर्धं झालंय," ही म्हणाली. "अर्धंच द्या." पँट दिलेला एक जण तर आलाच नाही, त्याने भावाला पाठवलं. प्रत्येक जण दारात थबकून आधी आत भिंगरी आहे का ते बघे. तो असला की बाहेरूनच निघून जाई. दांडीवरचे कपडे एकेक करत गेले आणि शेवटी तिथे तो तपकिरी कोट एकटाच लटकत राहिला. इमारतीचा मालक येऊन पावलांनी खोलीची लांबी मोजून गेला.

भिंगरीला बसवेना, उभं राहवेना, झोपवेना. डोक्यात युक्त्यांचं मोहोळ उठलं होतं. दुकानाला पडदा लावू? मागून दार काढू? महिनाभर फुकट रफू जाहीर करू? प्रत्येक युक्ती तो धावत येऊन सांगे आणि प्रत्येक वेळी ती म्हणे, "काही करू नका. बसा." एवढी एकच गोष्ट त्याला जमण्यासारखी नव्हती. तो पुन्हा बाहेर पडे, बाजाराला वळसा घाली, वाचनालयावरून जाई. खिडकीपाशी ग्रंथपालांची वाचायला बसायची खुर्ची होती, निवृत्तीनंतरही तिथेच बसायचं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. खुर्ची रिकामी. पुन्हा वळसा, पुन्हा खुर्ची रिकामी. आपण काय करून बसलो, हे त्याला चालताचालता कळत गेलं, आणि कळलं तसा तो जास्तच वेगाने चालायला लागला.

शेवटी त्याने कोट घेतला आणि ग्रंथपालांचं दार वाजवलं. दार बोटभर उघडलं.

"कोट आणलाय," भिंगरी म्हणाला. "आणि मला माफ करा. मी गाढव आहे."

"तो कोट माझा नाही," आतून आवाज आला. "माझ्या कोटाला भोक नव्हतं."

दार लागलं. भिंगरी पायरीवर उभा राहिला. हे बोलणं रागाचं होतं, हे त्याला कळत होतं. तरी तो ते घोकत राहिला. माझ्या कोटाला भोक नव्हतं. माझ्या कोटाला भोक नव्हतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की हे खरं ठरवू शकेल असा सगळ्या गावात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे ज्याने ते भोक सगळ्यांना सांगितलं तोच. त्याची किंमत काय हेही त्याच क्षणी त्याला समजलं. त्याचा सगळा धंदा लोकांच्या एका समजावर उभा होता: भिंगरी वेडा असेल, पण माल खरा दाखवतो. तो पायरी उतरला तो थेट चौकात गेला, बायकोला न विचारता. विचारलं असतं तर तिने बसायला सांगितलं असतं.

चौकात भाजीवाल्याचं रिकामं खोकं उलटं करून तो त्यावर चढला आणि कोट डोक्यावर धरला. भर दुपारी, लख्ख उजेडात.

"या हो या! मी त्या दिवशी खोटं बोललो!" तो ओरडला. "या कोटाला कधी भोक नव्हतंच! बायकोचं दुकान चालत नव्हतं, म्हणून मी एका भल्या माणसाच्या नावाने थाप ठोकली! विश्वास नसेल तर या, बघा! जो रफू दाखवेल त्याचं दुकान मी वर्षभर फुकट चालवून देईन!"

शेवटचं वाक्य ऐकून दुकानदार उठले. आधी गादीवाला, मग न्हावी, मग कुलूपवाला. कोट हातोहात फिरायला लागला. चष्मेवाला आपलं मोठं भिंग घेऊन आला आणि इंच इंच बघत गेला. कोणी कापड सूर्यासमोर धरलं, कोणी डोळे मिटून बोटांनी चाचपलं. गर्दी वाढली, लोक खांद्यावरून डोकावायला लागले. वाचनालयाचे अध्यक्षही आले आणि त्यांनी पुन्हा नाक टेकवलं. भिंगरीने आयुष्यभर गर्दी जमवली होती, पण अशी गर्दी त्याला कधी जमली नव्हती. सगळा बाजार त्याच्या बायकोच्या हातावर डोळे लावून बसला होता, तिच्याच दोऱ्यांवर बोटं फिरवत होता, आणि एकालाही काही सापडत नव्हतं. बघा रे, बघा, ही माझी बायको! असं त्याच्या गळ्याशी आलं, आणि त्याने ते मागे ढकललं.

"नाही बुवा," चष्मेवाला भिंग खाली ठेवत म्हणाला. "काही नाही इथे."

तेवढ्यात चौकातला टेलर पुढे सरसावला. हा माणूस स्वतः रफूची कामं घेई आणि कपड्याची वाट लावून परत देई, त्यामुळे भिंगरीच्या बायकोवर त्याचा पहिल्यापासून दात होता. "वरून कसं दिसेल?" तो म्हणाला. "रफू आतून कळतं. अस्तर उसवा. आणा इकडे, कात्री आहे माझ्याकडे."

अस्तराचा विचार भिंगरीने केलाच नव्हता. "दुसऱ्याचा कोट कापायचा नाही!" तो ओरडला, पण आवाज चिरकला, आणि लोकांना तो चिरकलेला कळला. "कापा, कापा!" मागून सुरू झालं. टेलरने कोट पालथा घातला.

"द्या ती कात्री."

गर्दी फाकली. त्याची बायको उभी होती. एवढा गलका जिन्याखालीही पोचला होता. तिने भिंगरीकडे बघितलंही नाही.

"हिलाच विचारा की!" टेलर म्हणाला. "हिने केलंय म्हणत होता ना हा?"

"कात्री द्या," ती म्हणाली. "तुम्ही अस्तर उसवलं तर पुन्हा कोट शिवावा लागेल."

लोक हसले. तिने खोक्यावर बसून मांडीवर कोट घेतला, अस्तराचे खालचे टाके हलक्या हाताने सोडवले आणि आत हात घातला. हात छातीच्या बाजूला गेला. तिथे थांबला, थोडा पुढे गेला, पुन्हा मागे आला. भिंगरी खोक्याशेजारी उभा होता. कधी खोटा माल तिने हातातून जाऊ दिला नव्हता. गिऱ्हाईक बघत नसेल तरी उसवून पुन्हा करणारी बाई. तिला खोटं बोलायला लावायची वेळ आपण आणली, ह्या विचाराने त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"इथे रफू नाही," ती म्हणाली. "कापड अखंड आहे."

"नीट बघ," टेलर म्हणाला.

"मला कळत नाही म्हणताय? मग तुमचे बिघडलेले कपडे लोक माझ्याकडे कशाला आणतात?"

ते पटलं. ती म्हणते म्हणजे नाही. अध्यक्षांनी मोठा सुस्कारा सोडला, तिने टाके घालून दिलेला कोट दोन्ही हातांवर घेतला आणि म्हणाले, "चला, आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे जाऊ. माफी मागायला हवी." अर्धी गर्दी त्यांच्या मागे निघाली.

उरलेली भिंगरीकडे वळली. "लाज नाही वाटली?" एक जण म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला असं उघडं पाडलंस, जाहिरातीसाठी?" कुलूपवाला पुढे आला. "म्हणजे त्या दिवशी खांबाशी माझं कुलूप उघडत नव्हतं, तेही नाटकच होतं का रे?" ते नाटक नव्हतं. कुलूपवाल्यालाही ते माहीत होतं, तरी आता त्याला शंका आली होती. न्हावी म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." गादीवाला म्हणाला, "तुझ्या सासऱ्यांना पाठव. ते खरं झोपतात." कोणीतरी टोमॅटो मारला, तो खोक्याला लागला. साबणवाली बाई लांब उभी होती. ती मान खाली घालून निघून गेली, आणि ते त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

हळूहळू चौक रिकामा झाला. राखाडी शालवाली बाई तेवढी मागे रेंगाळली होती. तिने इकडेतिकडे बघितलं, भिंगरीच्या बायकोच्या बाजूने जाताजाता एक पिशवी तिच्या हातात दिली आणि न थांबता पुढे गेली. पिशवीतून शालीचं टोक दिसत होतं. तिचं रफू शोधून सापडत नाही हे ज्यांना आपल्या कपड्यांवरून ठाऊक होतं, त्यांना सगळं कळलं होतं. संध्याकाळपर्यंत अजून येतील, हे तिला समजलं. तिने टोक आत ढकललं आणि पिशवी काखेत मारली.

दोघं घराकडे निघाली. ती पुढे, तो मागे. मागूनच तो म्हणाला, "तुला खोटं बोलायला लागलं. माझ्यामुळे."

ती चालत राहिली. मग रस्त्याच्या कडेला थांबली. तिचे ओठ थरथरत होते. रडतेय की हसतेय ते त्याला कळेना.

"मी खोटं बोलले नाही हो," ती म्हणाली. "आत हात घातला, जागा मला पाठ होती, तरी बोटाला काही लागेना. पुढे गेले, मागे आले. मलाच सापडलं नाही."

आयुष्यभर भिंगरी दुसऱ्यांच्या मालासाठी ओरडला होता, आणि ओरडावं असं खरंखुरं त्याला आज मिळालं होतं. ते आता मरेपर्यंत कोणाला सांगता येणार नव्हतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि तिथेच फुटपाथवर बसकण मारून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. जाणारे-येणारे वळून बघायला लागले.

ती त्याच्या शेजारी बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडा," ती म्हणाली. "पण हळू."